मनोविकारशास्त्राच्या पोस्टिंगमधून काय घेऊन जावे

एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात मनोविकारशास्त्राच्या वाट्याला येणारे आठवडे हाताच्या बोटांवर मोजता येतील इतके थोडे आहेत आणि परीक्षेत या विषयाची स्वतंत्र प्रश्नपत्रिका नाही. मेडिसिनच्या पेपरात त्यावर एखादा प्रश्न येतो, तेवढाच. त्यामुळे बहुतेक विद्यार्थी या पोस्टिंगकडे, म्हणजे विभागात प्रत्यक्ष काम शिकण्याच्या या आठवड्यांकडे, लायब्ररीत बसून पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेचे प्रश्न सोडवण्याची सवड म्हणून पाहतात. मी विदर्भातल्या एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात हा विषय शिकवतो आणि विद्यार्थ्यांचा हा हिशेब मला पूर्ण समजतो. तरीही तो चुकीचा आहे असे मला मनापासून वाटते, कारण मनोविकारशास्त्राचे शिक्षण हे भावी मनोविकारतज्ज्ञांसाठी नसून बाकीच्या सगळ्यांसाठी आहे. जो विद्यार्थी पुढे याच विषयात एमडी करणार आहे, त्याला शिकायला आणखी तीन वर्षे मिळतील. जो अस्थिरोगतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा गावातला फॅमिली डॉक्टर होणार आहे, त्याला मात्र एवढेच आठवडे मिळणार आहेत.

आणि रुग्ण जाणार आहेत ते त्याच्याकडेच. बंगळुरूच्या निमहान्स संस्थेने १२ राज्यांत केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना पाहणीच्या वेळी उपचारांची गरज असलेला एखादा मानसिक आजार असल्याचे आढळले, आणि वेगवेगळ्या आजारांत उपचारांपासून वंचित असलेल्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के होते. महाराष्ट्र त्या १२ राज्यांत नव्हता, पण आपल्याकडचे चित्र फार निराळे असेल असे मानायला मला काही आधार दिसत नाही. हे वंचित लोक डॉक्टरकडे जातच नाहीत असे नाही. ते जातात, वारंवार जातात. फक्त डोकेदुखी, धडधड, अपचन, कंबरदुखी आणि अशक्तपणा घेऊन जातात. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत, जिल्हा रुग्णालयांत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे पथक असते, पण रुग्ण तिथे पोहोचण्याच्या आधी वर्षानुवर्षे दुसऱ्या कोणत्या तरी डॉक्टरच्या टेबलासमोर बसलेला असतो. त्या टेबलामागे बसणाऱ्या माणसाला काय यायला हवे, याविषयी मला लिहायचे आहे.

सर्वांत आधी हिस्ट्री, म्हणजे रुग्णाला विचारून आजाराची हकीकत जाणून घेणे. हे सांगितले की विद्यार्थ्यांचे चेहरे पडतात, कारण हिस्ट्री घेणे आपण मेडिसिनमध्ये शिकलोच आहोत अशी त्यांची समजूत असते. प्रत्यक्षात ते प्रश्नावली भरायला शिकलेले असतात. मनोविकारशास्त्रात निदान पक्के करून देणारी रक्ताची तपासणी किंवा एक्स-रे नाही. रुग्णाने सांगितलेले, नातेवाइकांनी सांगितलेले आणि आपण डोळ्यांनी पाहिलेले एवढ्यावरच सगळे उभे असते. म्हणून पहिली चार-पाच मिनिटे रुग्णाला न तोडता बोलू देणे, त्याचे शब्द केसपेपरवर आहेत तसेच अवतरणचिन्हांत लिहिणे, आधी काय सुरू झाले आणि मग काय याचा क्रम लावणे, नातेवाइकांशी वेगळे बोलणे आणि रुग्णाशीही त्यांच्या अपरोक्ष बोलणे, या गोष्टी इथे टाळताच येत नाहीत. सासूसमोर सून काय सांगणार, हे वेगळे सांगायला नको.

मेडिसिनच्या ओपीडीतून आमच्याकडे पाठवलेल्या पन्नाशीच्या एका मावशींचे उदाहरण देतो. त्यांच्याकडे कापडी पिशवीत अडीच-तीन वर्षांच्या चिठ्ठ्या होत्या. ईसीजी दोनदा, सोनोग्राफी, मानेचा एक्स-रे, बी-१२ ची इंजेक्शने. तक्रारी होत्या हातपाय गळण्याच्या, डोक्यात मुंग्या येण्याच्या आणि छातीत धडधडण्याच्या. एका विद्यार्थिनीने स्टूल ओढून त्यांच्या शेजारी बसून विचारले, “मावशी, झोप कशी आहे?” त्या म्हणाल्या, “झोप लागते जी, पण तीन वाजता उघडते, मग नाही लागत.” “मग पडल्या पडल्या मनात काय येते?” मावशी बराच वेळ बोलल्या नाहीत आणि मग म्हणाल्या, “सकाळ होऊच नाही असं वाटते.” संध्याकाळी हरिपाठाला पूर्वी रोज जात असत, ते वर्षभरापासून बंद झाले होते, नातवाला कडेवर घ्यावेसे वाटत नव्हते, आपण घरच्यांवर ओझे झालो आहोत असे वाटत होते. पहाटे लवकर जाग येणे, ज्यात मन रमत असे त्यातून मन उडणे, स्वतःविषयीची अपराधी भावना: नैराश्याच्या आजाराची ही लक्षणे त्या विद्यार्थिनीने पुस्तकात वाचलेली होतीच, पण ती अशी समोर बसलेल्या माणसाच्या तोंडून निघतात हे तिला त्या दिवशी कळले. अडीच वर्षांत मावशींना कोणीही झोपेविषयी दुसरा प्रश्न विचारलेला नव्हता. “झोप लागते” हे उत्तर ऐकून प्रत्येक जण पुढच्या तक्रारीकडे वळला होता.

इथे एक गोष्ट ठासून सांगितली पाहिजे. सगळ्या तपासण्या नॉर्मल आल्या म्हणून निदान ‘मानसिक’, हा मार्ग चुकीचा आहे. नैराश्याचे निदान त्याच्या स्वतःच्या लक्षणांवरून करायचे असते, उरलेली जागा भरण्यासाठी नाही. उलट दिशेनेही तेवढीच काळजी घ्यायची असते: थायरॉईड मंदावलेल्या बाईला नैराश्याच्या गोळ्यांवर वर्षभर ठेवणे हाही तितकाच मोठा दोष आहे.

हिस्ट्रीनंतर मनःस्थितीची तपासणी. पेहराव, वागणे, बोलण्याची गती, मनाची अवस्था, विचार, भास, स्मरण, आजाराची जाणीव असे तिचे टप्पे पाठ करून घेतले जातात आणि तोंडी परीक्षेत विचारलेही जातात. माझ्या मते यातले शिकण्यासारखे मर्म एकच आहे: निष्कर्ष लिहू नका, दिसले ते लिहा. ‘रुग्ण विक्षिप्त वागतो’ या वाक्यातून कोणालाही काही कळत नाही. ‘रुग्ण बोलता बोलता थांबून उजवीकडे मान वळवतो, ओठ हलवतो, विचारल्यावर शेजारचे लोक आपल्याविषयी बोलत असल्याचे सांगतो’ असे लिहिले तर दुसऱ्या दिवशी तो केसपेपर वाचणाऱ्याला रुग्ण डोळ्यांसमोर उभा राहतो, आणि सहा महिन्यांनी तो बरा झाला की नाही हेही त्यावरून ठरवता येते.

आता ज्या एका विषयावर मी सर्वांत जास्त वेळ घालवतो त्याकडे येतो, तो म्हणजे डिलिरियम, शारीरिक बिघाडामुळे अचानक उद्भवणारा मनाचा गोंधळ. मनोविकार विभागाला इतर वॉर्डांतून जे कॉल येतात, त्यांतल्या कित्येकांवर ‘रुग्ण हिंसक, मनोविकार वॉर्डात हलवावे’ असे लिहिलेले असते आणि रुग्णाला प्रत्यक्षात डिलिरियम असतो. दृश्य ठरलेले असते. खुब्याच्या हाडाच्या शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी सत्तरीचे आजोबा रात्री कॅथेटर ओढू लागतात, भिंतीवर मुंग्यांच्या रांगा दिसतात म्हणून हाताने झटकतात, सिस्टरला मुलीच्या नावाने हाक मारतात. सकाळी राऊंडला मात्र बऱ्यापैकी शांत असतात, म्हणून युनिटमधल्या डॉक्टरांना रात्रीच्या सिस्टरचे म्हणणे खरे वाटत नाही. काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत सुरू झालेला, दिवसभरात कमी-जास्त होणारा, सूर्य मावळल्यावर बळावणारा आणि ज्यात लक्ष टिकत नाही असा गोंधळ हा शरीराच्या बिघाडाचा निरोप असतो. सोडियम उतरलेले असते, छातीत किंवा लघवीत जंतुसंसर्ग असतो, ऑक्सिजन कमी पडत असतो, लघवी तुंबलेली असते, किंवा नव्याने सुरू केलेल्या एखाद्या औषधाचा तो परिणाम असतो. आधी कधीही मानसिक आजार नसलेल्या वृद्धाला अचानक ‘वेड’ लागत नाही; तसे दिसले की आधी शरीर तपासायचे. अशा माणसाला कारण न शोधता मनोविकार वॉर्डात हलवले तर त्याच्या जिवावर बेतू शकते.

याची तपासणी करायला कोणतेही यंत्र लागत नाही. पुस्तकात शंभरातून सात सात वजा करायला सांगितलेले असते, पण शाळेची पायरी न चढलेल्या आजोबांना ते येणार नाही आणि त्यावरून काही सिद्धही होणार नाही. त्यांना वार उलटे म्हणायला सांगा: रविवार, शनिवार, शुक्रवार. शुद्ध नीट असलेला माणूस चाचपडत का होईना पण सोमवारपर्यंत येतो. डिलिरियममधला माणूस शुक्रवारपाशी हरवतो, किंवा पुन्हा सुलट मोजू लागतो, किंवा मध्येच तुमच्या खिशातल्या पेनाविषयी बोलू लागतो. माझ्या पोस्टिंगमधल्या प्रत्येक विद्यार्थ्याने ही साधी तपासणी सर्जरीच्या आणि ऑर्थोपेडिक्सच्या वॉर्डात जाऊन करावी असा माझा आग्रह असतो.

याच्याच पोटात दारूचा प्रश्न येतो. अपघातात पाय मोडलेला चाळिशीचा माणूस भरती होतो, त्याला दारूविषयी कोणी विचारत नाही, आणि भरती झाल्यामुळे त्याची रोजची दारू एकाएकी सुटते. पहिल्या दिवशी हात थरथरतात, घाम येतो. पहिल्या दोन दिवसांत झटका येऊ शकतो. साधारण ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान दारू सुटल्याने होणारा डिलिरियम येऊ शकतो आणि तो उपचारांविना प्राणघातक ठरू शकतो. हे सगळे भरतीच्या वेळच्या एका प्रश्नाने टळण्यासारखे असते. “दारू घेता का?” याला उत्तर ‘नाही’ असेच येते, “शेवटची कधी घेतली होती?” असे सरळ, दूषण न देता विचारले की वेळ कळते. आणि अशा रुग्णाला ग्लुकोजची सलाईन लावण्याआधी थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, द्यायचे, ही गोष्ट एकाही इंटर्नच्या हातून निसटता कामा नये.

आता आत्महत्येच्या प्रयत्नाविषयी. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ लोकांनी आत्महत्या केली आणि त्यांपैकी २२,७४६ महाराष्ट्रातले होते. ही संख्या सर्व राज्यांत सर्वाधिक आहे. आमच्या भागात कीटकनाशक पिऊन आलेला रुग्ण ही मेडिसिन वॉर्डाची रोजची बाब आहे. अ‍ॅट्रोपिन कसे द्यायचे, बाहुल्या आणि छाती कशी पाहायची, श्वासाचे स्नायू केव्हा दगा देतील हे आमचे निवासी डॉक्टर उत्तम जाणतात आणि कित्येकांना ते अक्षरशः मृत्यूच्या दारातून परत आणतात. पण पाचव्या-सहाव्या दिवशी डिस्चार्ज कार्ड लिहिताना त्या माणसाने औषध का प्यायले, पुन्हा पिणार आहे का, आणि घरी उरलेला डबा कुठे आहे, हे विचारलेले नसते. आत्महत्येचा एक प्रयत्न केलेल्या माणसाला पुढच्या प्रयत्नाचा धोका इतरांहून कितीतरी अधिक असतो, हे पुस्तकातले वाक्य आपण त्याच माणसाच्या खाटेपाशी विसरतो.

विद्यार्थ्यांच्या मनात एक भीती खोल बसलेली असते की आत्महत्येविषयी विचारले तर नसलेला विचार आपण त्याच्या डोक्यात घालू. असे होत नाही, हे अभ्यासांतून वारंवार दिसून आले आहे. उलट विचारल्यावर बहुतेकांना हलके वाटते, कारण इतके दिवस ते हा विचार एकटेच वागवत असतात. प्रश्न पायरीपायरीने विचारावा. “एवढा त्रास आहे, कधी जगणे नकोसे वाटते का?” “जीव द्यावा असा विचार येतो का?” “कसा, काही ठरवले आहे का?” “आतापर्यंत कशामुळे थांबलात?” शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत मोलाचे असते, कारण त्या माणसाला धरून ठेवणारे जे काही आहे ते त्यातून समजते. हे प्रश्न विद्यार्थ्याने स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या बोलीत, खऱ्या रुग्णाला वरिष्ठांच्या उपस्थितीत विचारलेले असले पाहिजेत. वाचून ते येत नाहीत. पहिल्यांदा विचारताना जीभ जड होते.

विचारल्यानंतर काय करायचे हेही शिकवले पाहिजे. घरच्यांना विश्वासात घेऊन कीटकनाशके कुलूपबंद करायला किंवा घराबाहेर ठेवायला सांगणे हा वैद्यकीय सल्लाच आहे. श्रीलंकेत अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आल्यानंतर, १९९५ च्या सुमारास अत्युच्च असलेले आत्महत्यांचे प्रमाण पुढच्या दोन दशकांत निम्म्याहूनही खूप खाली आले. आवेगाच्या त्या घटकेत हाताशी काय आहे यावर माणसाचे जगणे-मरणे ठरते. रुग्णाला आणि घरच्यांना टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांकही लिहून द्यावा. ऑक्टोबर २०२२ पासून ती चालू आहे. आणि कायदा समजून घ्यावा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम ११५ असे सांगते की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरावे आणि तिला शिक्षा होऊ नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर जुन्या भारतीय दंड संहितेच्या ३०९ कलमातला, आत्महत्येच्या प्रयत्नाचा सरसकट गुन्हाच उरलेला नाही. तरीही वॉर्डात अशा रुग्णाशी आरोपीसारखे बोलणारे लोक दिसतात, आणि विद्यार्थी तेच पाहून शिकतात, याचे मला फार वाईट वाटते.

औषधांबाबत माझी अपेक्षा मर्यादित आहे. सगळी नावे आणि मात्रा पाठ करण्याची गरज नाही, पण काही गोष्टी रक्तात भिनल्या पाहिजेत. नैराश्यावरची औषधे परिणाम दाखवायला दोन ते चार आठवडे घेतात, हे आधी सांगितले नाही तर रुग्ण आठव्या दिवशी ती बंद करतो. झोपेसाठी सहज लिहून दिलेली अल्प्राझोलामची गोळी मात्र चटकन लागू पडते, म्हणूनच तिची सवय लागते. मनाच्या टोकाच्या चढउतारांवर दिले जाणारे लिथियम घेणाऱ्या माणसाच्या रक्तातली सुरक्षित पातळी आणि विषारी पातळी यांत फार थोडे अंतर असते, त्यामुळे त्याला गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक लिहिणारा डॉक्टर किंवा जुलाबात पाणी कमी पडू देणारा डॉक्टर त्याला गंभीर आजारी पाडू शकतो. आणि तीव्र मानसिक आजारावरच्या हॅलोपेरिडॉलच्या इंजेक्शननंतर किंवा उलटीसाठी दिलेल्या मेटोक्लोप्रामाइडनंतर मान एका बाजूला वळून ताठरलेला, डोळे वर गेलेला, जबडा आखडलेला तरुण कॅज्युअल्टीत आला तर त्याला धनुर्वात नाही, फिट नाही, तो नाटक करत नाही आणि त्याच्या अंगातही काही आलेले नाही. प्रोमेथाझिनच्या एका इंजेक्शनने तो थोड्याच वेळात सरळ होतो. हे एकदा पाहिलेला विद्यार्थी ते जन्मात विसरत नाही.

बाळंतपणानंतरच्या तीव्र मनोविकाराची ओळखही प्रत्येकाला हवी. हजार बाळंतपणांमागे एक-दोन स्त्रियांना तो होतो, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत, आणि त्यात आई आणि बाळ दोघांचाही जीव धोक्यात असतो. माहेरी आलेली बाळंतीण रात्र रात्र जागते, बाळ बदलले आहे असे म्हणते, आणि घरचे तिला बाहेरची बाधा झाली म्हणून देवऋषीकडे नेतात. त्या घरी जाणारी आशाताई आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातला डॉक्टर या दोघांपैकी एकाला जरी हे ओळखता आले तरी पुरे आहे.

देवऋषीचा विषय निघाला म्हणून सांगतो, रुग्णाच्या घरच्यांची श्रद्धा हा चेष्टेचा विषय नाही, हे पोस्टिंगमध्ये शिकले पाहिजे. आमच्याकडे आलेले बहुतेक रुग्ण आधी एखाद्या दर्ग्याला, देवळाला किंवा मांत्रिकाकडे जाऊन आलेले असतात आणि “तिकडे कशाला गेलात?” असे डाफरले की पुढच्या भेटीत ते ती माहिती लपवतात. पूजा चालू राहू द्या, पण गोळ्या चुकवू नका, असे म्हटले तर लोक ऐकतात. साखळीने बांधणे, मारणे, उपाशी ठेवणे याबाबत मात्र कोणतीही तडजोड नाही. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या एरवाडी येथे आग लागली तेव्हा साखळदंडांनी जखडलेल्या २८ मनोरुग्णांना पळताही आले नाही; २०१७ च्या कायद्याने मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला साखळीने बांधण्यास पूर्ण मनाई केली आहे. त्याच कायद्याने भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध न देता विद्युत उपचार करण्यालाही बंदी आहे. विद्यार्थ्यांनी हा उपचार एकदा तरी प्रत्यक्ष पाहावा असे मला वाटते. चित्रपटांनी त्यांच्या मनात घातलेले चित्र पुसायला काही मिनिटांची ती शांत प्रक्रिया पुरेशी असते, आणि अन्नपाणी सोडून निश्चल झालेला रुग्ण काही उपचारांनंतर स्वतःच्या हाताने चहा पिताना पाहिला की त्यांचे मत कायमचे बदलते.

विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या मनाविषयी बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. नॅशनल मेडिकल कमिशनच्या कार्यगटाने २०२४ मध्ये मांडलेल्या अहवालात, पाहणीला उत्तर दिलेल्या एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांपैकी २७.८ टक्के विद्यार्थ्यांनी आपल्याला मानसिक आजार असल्याचे सांगितले होते. पोस्टिंगमध्ये नैराश्याची लक्षणे शिकताना कोणी तरी अचानक गप्प होते आणि व्याख्यानानंतर दारापाशी रेंगाळते, हे मी अनेकदा पाहिले आहे. अशा विद्यार्थ्याला आपल्याच महाविद्यालयातल्या, उद्या आपली परीक्षा घेणाऱ्या शिक्षकाकडे उपचार घ्यावे लागू नयेत; बाहेरच्या तज्ज्ञाकडे, नाव गुप्त राहील अशा रीतीने जाण्याची सोय प्रत्येक महाविद्यालयाने करायला हवी. ओपीडीच्या रजिस्टरात स्वतःचे नाव लिहावे लागेल या भीतीने मुले उपचार टाळतात.

राहता राहिली ती परीक्षा. शिकवण्याची पद्धत बदलावी असे कितीही म्हटले तरी विद्यार्थी तेच शिकतात जे विचारले जाते. म्हणून निदानाचे निकष आणि औषधांची वर्गवारी विचारण्याऐवजी, आत्महत्येचा विचार आहे का हे रुग्णाला समोरासमोर कसे विचारता ते दाखवा, या खाटेवरचे आजोबा डिलिरियममध्ये आहेत की नाहीत ते दहा मिनिटांत ठरवा, या तरुणाच्या आईला स्किझोफ्रेनिया म्हणजे काय ते तिला समजेल अशा मराठीत सांगा, असे प्रश्न प्रात्यक्षिकात आले पाहिजेत. पोस्टिंगचा एक भाग तरी मनोविकार वॉर्डाबाहेर, कॅज्युअल्टीत, मेडिसिन आणि सर्जरीच्या वॉर्डांत आणि प्रसूतिपश्चात कक्षात व्हावा. यासाठी वेगळा निधी किंवा नवी इमारत लागत नाही. दोन विभागप्रमुखांनी एकत्र बसून वेळापत्रक लावले तरी पुढच्या बॅचपासून हे सुरू करता येईल.